मेढीपुरती माती

लांजेवार सिस्टर कोणाच्याही घरी गेल्या की कामाचं बोलायच्या आधी कोंबड्यांची चौकशी करायच्या. ज्याच्या घरी कोंबड्या नाहीत त्याच्याकडं कुंड्यांची, आणि कुंड्याही नसल्या तर गुडघ्यांची. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या गल्लीत कोंबड्या पाळणारं कोणी उरलं नव्हतं. पण दुखरे गुडघे घरोघरी होते, त्यामुळं सिस्टरांची कुठं अडचण झाली नाही.

ही सवय नोकरीतली. बैहरकडच्या जंगलात त्यांनी सरकारी नर्स म्हणून जन्म काढला. जीप जाईल तिथपर्यंत जीप, पुढं सायकल, त्याच्यापुढं पाय, आणि खांद्याला लसींचा थंड डबा. आपली पद्धत त्यांनीच मला एकदा समजावून सांगितली होती.

“गावात गेल्या गेल्या सुई काढली, तं बाया पोरं घेऊन मागच्या दारानं जंगलात. म्हून आधी बसाचं. कोंबड्या किती, अंडे देतात का, मुंगसानं किती नेल्या. अर्धा घंटा नुस्त्या कोंबड्या. मंग बाईच म्हणते, सिस्टर, तुमी कायले आल्या होत्या वं? मंग सुई.”

आणि थोडं थांबून, “सुई तितकीच दुखते, मधु. पण माणूस पळत नाही.”

बुटक्या, काळ्यासावळ्या, पांढऱ्या सुती लुगड्यातल्या. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. समोरचा माणूस बोलायला लागला की त्या त्याचं मनगट हातात घ्यायच्या. लोकांना वाटायचं, किती माया! माया होतीच, पण बोटं नाडीवर असायची आणि नजर घड्याळावर. एकदा मी बायकोला ‘बँकेत गर्दी होती’ असं सांगत होतो, तेव्हा सिस्टर आमच्याच ओट्यावर माझं मनगट धरून बसल्या होत्या. बायको आत गेल्यावर म्हणाल्या, “कुठं गेलता रे? नव्वदीच्या वर गेली तुही नाडी.” मी भजी खायला गेलतो. तेही सांगून टाकलं.

नवरा फार तरुणपणी गेला होता. त्याबद्दल त्या एवढंच बोलायच्या: “तो गेला अन् मी नर्सिंगले गेले.” मुलगा रायपूरला नोकरीत होता आणि दर दिवाळीला ‘आता चला’ म्हणायचा. यांचं उत्तर ठरलेलं. “येते नं. एवढे बोर पिकू दे.” आमच्या गल्लीत बोरीचं झाड नाही.

माझी आणि त्यांची खरी ओळख मात्र माझ्या धंद्यामुळं झाली. मी विम्याचा एजंट. या धंद्यात माणसाचं मुख्य हत्यार म्हणजे पेन्सिल. फॉर्मवर सही हवी तिथं बारीक फुली मारायची आणि मधाळ आवाजात म्हणायचं, ‘इथं, इथं आणि इथं.’ गिऱ्हाईक फुली बघतं, मजकूर बघत नाही. पंचवीस वर्षांत मजकूर ऐकायला मागणारं एकच माणूस भेटलं.

“मले बारीक अक्षर दिसत नाही. तूच वाच. मोठ्यानं.”

तीन संध्याकाळी मी वाचत होतो. आयुष्यात पहिल्यांदाच वाचत होतो, हे कबूल केलेलं बरं. तिसऱ्या संध्याकाळी ‘पुढील परिस्थितीत कंपनी काहीही देणे लागणार नाही’ या यादीशी आलो आणि माझा आवाज खाली खाली जात बंद पडला.

“काहून थांबला? वाच नं.”

“सिस्टर, तुम्ही ही पॉलिसी घेऊ नका.”

“हौ, मलेही तसंच वाटून राह्यलं होतं. पण तुह्या तोंडून ऐकाचं होतं.”

त्या दिवसापासून मी त्यांना भ्यायला लागलो आणि अडचण आली की त्यांच्याकडंच जायला लागलो. माझ्या अडचणी मीच तयार करतो, त्यामुळं जाणं वरचेवर असायचं.

त्यातली सगळ्यात मोठी अडचण मी गेल्या वर्षी तयार केली.

किरनापूरला माझी धाकटी बहीण आहे, शोभा. अंगणवाडीत काम करते, थोडं धानाचं शेत आहे. मुलगी पल्लवी चार वर्षांची असताना मेहुणे गेले. त्या पल्लवीचं लग्न गोंदियाला ठरलं. पाहुण्यांना सोयीचं म्हणून लग्न बालाघाटात, एका लॉनवर करायचं ठरलं. दोन हंगामांचं धान विकून शोभानं साठ हजार साठवले होते, ते सगळे तिनं तिथं आगाऊ भरले. पावती माझ्या नावानं फाडावी असा माझा आग्रह होता. मामा म्हणून थोडा रुबाब नको? पण ऐन वेळी कळलं की माझं आधार कार्ड घरीच राहिलं आहे. शोभाचं तिच्या पिशवीत होतं. पावती तिच्या नावानं झाली, माझ्याकडं ती फक्त सांभाळायला आली, आणि मी दोन दिवस फुगून बसलो. शोभानं मॅनेजरकडून पावतीवर एक ओळ जास्तीची लिहून घेतली: ‘मंडप पीछे की कच्ची ज़मीन में लगेगा.’

आमच्याकडं लग्नाच्या मांडवाची मेढ जमिनीत खड्डा करून रोवतात. खड्ड्यात हळद, सुपारी, पैसा टाकतात, सवाष्णी मुठीमुठीनं माती लोटतात, आणि मामा ती ठोकून पक्की करतो. मांडव मग कसाही असो, जांभळीच्या डहाळ्यांचा नाहीतर भाड्याच्या कापडाचा. मेढ मात्र मातीतच.

लग्नाला अठरा दिवस राहिले असताना जेवणाचं ठरवायला मी लॉनवर गेलो, तर लॉन नव्हतंच. मागच्या जमिनीवर काँक्रीट ओतून पार्किंग झालं होतं आणि बाजूला नवी इमारत. मॅनेजर माझ्या गळ्यातच पडला. “भाई साहब, आप तो किस्मतवाले हो! लॉन के पैसे में एसी हॉल! फर्स्ट फ्लोर!” मग कचोरी आली. आणखी एक कचोरी आली. मग एक कागद आला, त्यावर पेन्सिलीच्या तीन फुल्या. “यहाँ, यहाँ और यहाँ.”

त्या फुल्या बघून मला अगदी घरच्यासारखं वाटलं. मी सही केली. यहाँ, यहाँ और यहाँ.

बाहेर येऊन मी शोभाला फोन लावला आणि मोठ्या थाटात म्हणालो, “एसी हॉल! पहिल्या मजल्यावर! त्याच पैशात!”

तिनं ते ऐकून घेतलं. मग, “दादा, मेढ कुठं रोवशील?”

मी परत आत गेलो. मॅनेजर म्हणाला, “अरे, गमला रख देंगे. बड़ावाला.” मी भोळेपणानं ते कुंडीचंही फोनवर सांगितलं. शोभा हसेल असं वाटलं होतं.

“बाप नाही मांडवात, ते चालवून घेतलं मी,” ती म्हणाली. “माती नाही, हे नाही चालवणार. आपले पैसे परत घे, दादा. इथं शेजारच्या वावरात करू. धान निघालंच आहे. तंबूवाला अन् आचारी तेवढे पैसे मागून राह्यले, दुसरे नाहीत माह्याजवळ.”

मी पैसे मागितले. मॅनेजरनं मघाचाच कागद माझ्यापुढं धरला आणि त्याची एक प्रतही दिली. त्यावर लिहिलं होतं, की लॉनच्या बदल्यात हॉल मंजूर आहे आणि जमा रक्कम कोणत्याही कारणानं परत मिळणार नाही. खाली माझ्या तीन सह्या. सुरेख आल्या होत्या.

सिस्टरांच्या ओट्यावर जाऊन बसलो. त्यांनी मनगट धरलं.

“काय खाल्लं तिथं?”

“कचोरी.”

“किती?”

“दोन.”

“दोन कचोऱ्यांत तीन सह्या! तुले तं भावही करता येत नाही.” मग हळूच, “सही केली, हे शोभाले सांगतलं?”

“नाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या. या ‘बरं’चा अर्थ बरं असा कधीच नसायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आम्ही लॉनच्या ऑफिसात. निघण्यापूर्वी सिस्टरांनी तांब्याभर पाणी पिऊन घेतलं होतं आणि मलाही प्यायला लावलं होतं. “जिथं भांडाचं, तिथं पाणी नाही प्याचं. पाणी प्यालं का जीभ नरम पडते. तू तं कचोरी खाऊन आला, बाप्पा.”

मालकाचा मुलगा बसला होता, तिशीतला, निखिल नावाचा. मी वाटेत आशेनं विचारलंच होतं, की अर्धा जिल्हा तुमच्या हातून जन्मला, हा पण त्यातलाच असेल तर किती सोपं होईल. सिस्टर म्हणाल्या, “माह्या हातचा नाही. अन् असता तरी? नाळ कापली म्हून काय माणूस आपला नोकर होते?”

त्यांनी कागद काढला नाही. इमारतीला किती दिवस लागले ते विचारलं. सिमेंटच्या धुळीनं खोकला होतो का, विचारलं. वडील दिसत नाहीत म्हणाल्या, तेव्हा तो म्हणाला की ते नागपूरला दवाखान्यात आहेत. मग पंधरा मिनिटं वडिलांचा आजार. औषधं कोणती, पथ्य काय, रात्री जवळ कोण झोपतं. पोरगा बिचारा मोकळा होऊन बोलत होता. शेवटी त्यानंच विचारलं, “अम्मा, आप किस काम से आई थीं?”

आता सुई येणार होती.

“दो कागज़ हैं, बेटा. मुझे बारीक दिखता नहीं. ज़रा पढ़ दो. ज़ोर से.” आणि त्यांनी त्याचं मनगट हातात घेतलं.

त्यानं पावती वाचली. ‘पीछे की कच्ची ज़मीन’ आल्यावर आवाज किंचित घसरला. मग माझ्या सह्यांचा कागद वाचला, तेव्हा आवाज परत चढला.

“पहला करार किसका है?”

“शोभाबाई का.”

“पैसा किसने दिया?”

“शोभाबाई ने.”

“दूसरे कागज़ पे सही किसकी?”

“मामाजी की. घर के बड़े हैं, अम्मा. उन्होंने मंज़ूर किया, तो...”

“बड़े हैं?” सिस्टरांनी माझ्याकडं पाहिलं. “पूछो इनसे. घर में इनकी चलती है क्या?”

ऑफिसात निखिल होता, मॅनेजर होता, फुलवाला होता आणि फरशी पुसणाऱ्या दोन बाया होत्या. सगळे माझ्याकडं बघायला लागले. पुसणंही थांबलं.

“मधु,” सिस्टर मराठीत म्हणाल्या, “खरं सांग, बाबू.”

“नहीं चलती,” मी म्हणालो.

“ज़ोर से.”

“नहीं चलती जी!” एकदा तोंड उघडल्यावर मला राहवेना. “मेरी बीवी मुझसे भाजी भी नहीं मँगवाती. कहती है, सड़ी लाता हूँ. शादी की तारीख तक मुझसे किसी ने नहीं पूछी.”

फरशीवाल्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. सिस्टर मात्र अगदी गंभीर. “देखा, बेटा? इनकी सही की कोई कीमत नहीं. जिसका करार, उसकी सही. वो तो हुई नहीं. तो करार तुमने तोड़ा.”

निखिलनं दोन्ही कागद परत सिस्टरांपुढं सरकवले. मग म्हणाला, “अम्मा, पैसा सब सीमेंट में चला गया. ऊपर से पापा का...” ते खोटं नव्हतं. सिस्टरांची बोटं अजून त्याच्या नाडीवरच होती.

“हाँ बेटा,” म्हणत त्या उठल्या. “परसों आती हूँ.”

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “सिस्टर, अजून जोर लावायचा होता.”

“पहिला डोस आहे. आज त्याले ताप येईल. दोन दिवसानं दुसरा.” आणि चालता चालता, माझ्याकडं न बघता, “वाईट वाटलं का रे?”

“थोडं.”

“तुह्या सहीले किंमत असती, तं आज तुही बहीण बुडाली असती. कवा कवा माणसाले किंमत नसलेलीच बरी.”

दुसऱ्या डोसाला निखिलनं निम्मे पैसे देऊ केले. उरलेल्यांचं पुढं कधी बारसं-वाढदिवस असेल तेव्हा बघू म्हणाला. सिस्टर म्हणाल्या, “आधा डोज़ लगता नहीं, बेटा,” आणि वडिलांचं जेवण कसं चाललंय ते विचारून आल्या. मी हवालदिल. लग्नाला पंधरा दिवस उरले होते, तंबूवाला रोज शोभाला फोन करून तारीख दुसऱ्याला देतो म्हणत होता, आणि शोभा दुपारी अंगणवाडी सुटली की मला फोन करून एकच शब्द विचारायची, “दादा?” मी म्हणायचो, “होऊन राह्यलं.” यापेक्षा मला सरळ शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिसऱ्या डोसाला गेलो तर ऑफिसात भरवेलीचं एक कुटुंब हॉल बघायला आलेलं. खाणीत काम करणारा बाप, बायको, आणि नऊवारीतली म्हातारी. मला वाटलं, आता सिस्टर यांना सगळं सांगणार. मी सांगायला तोंडही उघडलं होतं. त्यांनी माझ्या पायावर पाय दिला. लॉनविरुद्ध एक अक्षर बोलल्या नाहीत. म्हातारीच्या शेजारी बसल्या. गुडघे झाले. नात कोणती, पोरगा कुठला, झालं. मग सहज, “तुमच्यात मेढ रोवतात का वं बाई?”

“हौ मा! मेढीबिगर कसं लगन?”

“आमच्यातही,” सिस्टर म्हणाल्या आणि गप्प बसल्या.

म्हातारीनं खाली फरशीकडं पाहिलं. वर छताकडं पाहिलं. मग लेकाला म्हणाली, “कारे, माती कुठं आहे इथं?” ते तिघं उठून मागं बघायला गेले आणि तिकडूनच निघून गेले.

मॅनेजर ‘गमला’ म्हणायला लागला होता, त्याला निखिलनं हातानं थांबवलं. मग म्हणाला, “शनिवार को ले जाना, अम्मा. पूरा.”

शनिवारी पैसे मिळाले, पूर्ण. माझ्या सह्यांचा कागद त्यानं स्वतः फाडला. तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “अब पिलाओ पानी, बेटा,” आणि दोन ग्लास प्याल्या. पाणी पिता पिता त्याला सल्लाही दिला: पार्किंगच्या कोपऱ्यात हात-दीड हात जागा फोडून मातीची ठेव, माणसं परत जाणार नाहीत. त्यानं ती ठेवली आहे. मी पाहून आलो.

त्याच दुपारी आम्ही किरनापूरला गेलो. शोभानं पैसे मोजलेसुद्धा नाहीत. तंबूवाल्याला फोन लावला आणि मग पदरानं डोळे पुसले. सिस्टर माझ्याकडं नुसत्या बघत होत्या. मी सांगून टाकलं, की सह्या मी केल्या होत्या.

“माहीत होतं,” शोभा म्हणाली. “पहिल्याच फोनवर. दादा, तू फुकटचं खाऊन बोलतो नं, तुहा आवाजच तेलकट येते.”

लग्नानंतर आठवड्याभरातच सिस्टरांचा मुलगा आला आणि या वेळी त्यांना घेऊनच गेला. मी तेव्हा विम्याच्या कामानं लांजीला होतो. परत आलो तर ओट्यावर कुलूप. पुढं भर पावसाळ्यात रायपूरहून फोन आला. झोपेतच गेल्या म्हणे. त्यामुळं मला त्यांचं शेवटचं नीट दर्शन म्हणजे किरनापूरच्या वावरातली मेढ रोवायची सकाळ.

धानाचे खुंट अजून जमिनीत होते. मी मामा म्हणून नवा कोरा पांढरा सदरा घालून लोखंडी सब्बलीनं खड्डा खणत होतो. दोन फुटांचा खणायला मला पाऊण तास लागला आणि तीन जणांनी सब्बल मागितली, पण मी दिली नाही. खणून झाल्यावर शोभाच्या मोठ्या जावेनं सवाष्णींना हाक मारली. पाच जणी पुढं झाल्या. शोभा रिवाजाप्रमाणं मागं सरून चुलीजवळ जाऊन उभी राहिली. विधवा आई मेढीला हात लावत नाही. कोणी तिला सरक म्हटलं नव्हतं. तिची तीच सरकली. सिस्टर तिच्याही मागं उभ्या होत्या.

जावेनं माती घ्यायला हात घातला, तेवढ्यात सिस्टर पुढं आल्या.

“थांब वं माय. मले एक सांग. पावती कोणाच्या नावाची होती?”

“शोभाच्या,” जाऊबाई म्हणाल्या.

“पैसे?”

“तिचेच.”

“माती पाहिजे म्हून कोण अडून बसलं होतं?”

“तीच.”

“मंग पहिली मूठ कोणाची?”

जाऊबाई काही वाईट बाई नव्हे. ती खड्ड्याकडं बघत राहिली, मग हातातली माती परत खाली टाकून तिनं बाजूला जागा केली. “ये वं शोभा. ये. ऊन होऊन राह्यलं.”

शोभा आली. गुडघ्यावर बसली. दोन्ही हातांनी ओंजळभर माती घेऊन तिनं खड्ड्यात सोडली आणि लगेच उठलीच नाही. मी मेढ धरून उभा होतो. मला काही दिसेनासं झालं होतं, त्यामुळं मेढ जरा तिरपी लागली, ती शेवटपर्यंत तशीच होती.

मग शोभानं मागं वळून सिस्टरांचा हात धरला, खाली ओढला आणि त्यांच्या मुठीत माती दिली.

“मी कायले वं?” सिस्टर म्हणाल्या. “मी तं उगाच...”

दुनियेला काय करायचं ते सांगत आलेली ही बाई मूठ धरून तशीच उभी. एकदा खड्ड्याकडं बघे, एकदा शोभाकडं. पाची सवाष्णी थांबल्या होत्या. मग त्यांनी डोळे मिटून मूठ उघडली. माती पडली. हात पुसायला त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, स्वतःच्या पांढऱ्या लुगड्याकडं पाहिलं, आणि शांतपणे माझ्या नव्या सदऱ्याला, बरोबर पाठीच्या मधोमध, पाची बोटं पुसली.

“ठोक आता,” म्हणाल्या. “काहून उभा?”